सायन्स फिक्शन फ्रँचायझीच्या कादंबऱ्यांवर एडिटरला नक्की काम तरी काय असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की स्टार वॉर्स, स्टार ट्रेक असल्या फ्रँचायझीच्या कादंबऱ्यांमध्ये जग आधीच तयार, पात्रं आधीच तयार, शेवटचा शब्द हक्क असलेल्या कंपनीचा, मग एडिटर करतो काय, आणि त्यासाठी कट्टर फॅन असावं लागतं का. मी अशा एका सिरीजवर एडिटर होते (कुठली ते सांगत नाही, करारात गोपनीयतेचं कलम आहे), तर जे पाहिलंय ते लिहिते.

आधी व्यवहार. प्रकाशक हक्कवाल्या कंपनीकडून लायसन्स घेतो आणि लेखकाला पुस्तकासाठी करारावर घेतो. पैसे मिळतात, बऱ्याचदा थोडी रॉयल्टीही मिळते, पण कॉपीराइट लेखकाचा नसतो. लेखकाने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं नवीन पात्रसुद्धा कंपनीचंच होतं, उद्या ते मालिकेत दिसलं तरी लेखकाला कोणी विचारायला बांधील नाही. हे पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगायचं, करार वाचून लेखक नाराज होण्यापेक्षा ते बरं.

आता काम. साध्या कादंबरीत एडिटरचा कस लागतो तो हस्तलिखित हातात आल्यावर, इथे तो त्याच्या खूप आधी, आउटलाइनच्या, म्हणजे कथानकाच्या आराखड्याच्या वेळीच लागतो. कारण आउटलाइन आधी कंपनीकडे जाते, त्यांनी हो म्हटल्यावर लेखक पहिलं प्रकरण लिहायला घेतो, आणि एकदा अप्रूव्हल मिळालं की कथानकात मोठा बदल म्हणजे परत सगळी वारी करायची, आणि डेडलाइन तर आधीच घट्ट असते कारण पुस्तकाची तारीख बहुतेकदा सिनेमाच्या किंवा सीझनच्या तारखेला बांधलेली असते. म्हणजे पाच-सहा पानांच्या कोरड्या आउटलाइनमध्येच तुम्हाला दिसलं पाहिजे की यात जीव आहे की नुसती धावपळ आहे.

आणि इथेच या प्रकारातली सगळ्यात मोठी अडचण येते. नायक मरणार नाही, हे वाचकाला माहीत आहे. तो नोकरी सोडणार नाही, लग्न करणार नाही, त्याचा हात तुटला तर शेवटच्या प्रकरणापर्यंत बरा होणार, कारण पडद्यावरची पुढची गोष्ट त्याच्याशिवाय चालत नाही. तरीही नवीन लेखक हमखास काय करतात, तर नायकाला, म्हणजे बहुतेकदा अंतराळयानाच्या कॅप्टनला, मरणाच्या दारात नेऊन ठेवतात आणि पानंच्या पानं तिथेच लटकवतात. वाचक जांभई देतो. मी प्रत्येक आउटलाइनवर एकच प्रश्न लिहायचे, या गोष्टीत खरंखुरं नुकसान कोणाचं होऊ शकतं? समजा कॅप्टन एका वसाहतीला वाचवायला निघालाय. मग वजन कॅप्टनच्या जिवावर नको, त्या वसाहतीतल्या कोणावर तरी टाका, जी बाई तिथली प्रमुख आहे आणि जिला ठरवायचंय की हवा पुरत नाही तर कुठला विभाग बंद करायचा. ती मरू शकते, चुकू शकते, लोकांच्या मनातून कायमची उतरू शकते, आणि कॅप्टन हे बघून जहाजावर परत जाताना बाहेरून तसाच असला तरी वाचकाला त्याचं ओझं कळतं. कधी कधी मोठा बदल करायला वरून मुभा मिळते, 1999 मध्ये स्टार वॉर्सच्या कादंबरीत च्युबाकाला, म्हणजे सिनेमातल्या लाडक्या केसाळ पात्राला मारलं तेव्हा मिळाली होती आणि फॅन्सनी केवढा आरडाओरडा केला, पण सहसा ती मिळत नाही हे धरूनच चालायचं.

मग येतात कंपनीच्या नोट्स. काही अगदी रास्त असतात, हे पात्र असं बोलणार नाही वगैरे. काही नोट्सना कारणच नसतं, नुसतं "हा ग्रह वापरू नका". कारण उघड आहे, कुठल्यातरी न आलेल्या सिनेमात तो ग्रह येणार आहे आणि ते तुम्हाला सांगायचं नाहीये. मग तुम्ही अंधारात दुसरा ग्रह शोधता आणि तोही चालत नाही. सगळ्यात त्रासदायक म्हणजे दोन विभागांच्या एकमेकांच्या उलट नोट्स, एक म्हणतो विनोद वाढवा, दुसरा म्हणतो सूर गंभीर ठेवा. हे सगळं लेखकाकडे जसंच्या तसं फॉरवर्ड करणारा एडिटर माझ्या मते पोस्टमन आहे. आधी कंपनीला फोन करून विचारायचं की नेमकी काळजी कशाची आहे, बहुतेक वेळा ती नोटमध्ये लिहिलेल्यापेक्षा लहान निघते, एखादं वाक्य काढून भागतं, आणि सीन टिकतो. थेट "नाही" म्हणून मी कधी काही जिंकलेलं आठवत नाही, "असं केलं तर चालेल का" म्हणून बरंच वाचवलंय.

सिनेमावरून कादंबरी करायची असेल तर अजून वेगळी तऱ्हा. ती पटकथेवरून लिहिली जाते, तयार सिनेमा बघून नाही, कारण पुस्तक छापून तयार हवं असतं तेव्हा सिनेमा अजून एडिटिंग टेबलवर असतो. पहिल्या स्टार वॉर्सची कादंबरी तर सिनेमाच्या कितीतरी महिने आधी, 1976 च्या शेवटी आली. नाव जॉर्ज लुकासचं, लिहिली अ‍ॅलन डीन फॉस्टरने. त्यात नायक ल्यूक आणि त्याचा मित्र बिग्ज यांचे सुरुवातीचे प्रसंग आहेत जे सिनेमात कापले गेले, आणि शेवटच्या लढाईत ल्यूकच्या विमानांच्या तुकडीचं नाव पुस्तकात निळी आहे, पडद्यावर लाल. लोक याला चूक म्हणतात, पण लिहिताना समोर जी पटकथा होती त्याप्रमाणे ते बरोबरच होतं. त्याच लेखकाची 1978 ची पुढची कादंबरी कमी बजेटचा दुसरा भाग निघाला तर कामाला येईल अशा बेताने लिहिलेली होती, त्यात ल्यूक आणि नायिका लेया यांच्यात ओढ आहे, आणि 1983 च्या सिनेमात कळलं की ते बहीणभाऊ! एडिटरने काय करावं सांगा.

असं नाही की प्रवाह एकाच दिशेने वाहतो. स्टार ट्रेकमधल्या सुलू या अधिकाऱ्याचं हिकारू हे पहिलं नाव 1981 च्या एका कादंबरीत आलं आणि 1991 च्या सिनेमात अधिकृत झालं. कोरुस्कांट हे स्टार वॉर्समधल्या राजधानीच्या ग्रहाचं नावही आधी 1991 च्या कादंबरीत आहे, सिनेमात नंतर. पण याची आशा धरून बसू नये. एप्रिल 2014 मध्ये लुकासफिल्मने, म्हणजे स्टार वॉर्सवाल्या कंपनीने, जाहीर केलं की तोपर्यंतच्या कादंबऱ्या आता 'लेजेंड्स', म्हणजे नव्या सिनेमांवर त्यांचं काही बंधन नाही. वीस-बावीस वर्षं एकमेकीला सांधत आणलेली गोष्ट एका घोषणेत बाजूला. थ्रॉन हे त्यातलं एक पात्र 2016 मध्ये अ‍ॅनिमेशन मालिकेतून परत आलं, बाकी कितीतरी जण आले नाहीत. म्हणूनच पुस्तक एकटं वाचलं तरी उभं राहतंय का हे मी आधी बघते, ते मोठ्या टाइमलाइनमध्ये कुठे बसतं ते नंतर.

आता फॅन असण्याबद्दल. जग आवडलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या हस्तलिखितात कंटाळाल. पण माहिती पाठ असण्याला लोकांना वाटते तेवढी किंमत नाही, कारण ती तपासता येते. लुकासफिल्मकडे होलोक्रॉन नावाचा खास डेटाबेस आहे, बाकी फ्रँचायझींनाही तपासणारी माणसं आणि जुन्या भागांची रेकॉर्डिंग्ज असतात. उलट कट्टर फॅन एडिटरला प्रत्येक जुना संदर्भ गोड वाटतो, तो हस्तलिखितात तसाच राहू देतो, आणि पहिलं प्रकरण नवख्या माणसाला यादीसारखं वाटायला लागतं. मी अर्धे संदर्भ कापायचे आणि शिव्या खायचे. कान मात्र लागतो. वाचकाच्या डोक्यात त्या नटाचा आवाज आधीच बसलेला असतो, त्यामुळे संवाद मोठ्याने वाचून बघायचे, जिथे आवाज तुटतो तिथे खूण करायची. हे कुठल्याही डेटाबेसमध्ये मिळत नाही.

शिरायचं कसं, तर सरळ या कामाला कोणी घेत नाही, आधी साध्या फिक्शनवर असिस्टंट म्हणून काम करावं लागतं, मग कोणीतरी सोडून जातं आणि सिरीज तुमच्या टेबलवर येते. तोवर सराव करायचा असेल तर अशी कुठलीही एक कादंबरी घ्या, वाचून तिची एका पानाची आउटलाइन उलटी तयार करा, आणि त्यात कोणीतरी काहीतरी कायमचं गमावतं ती ओळ अधोरेखित करा. नाही सापडली तर लेखकाला काय सुचवलं असतं ते खाली लिहा, पण नायकाला हात न लावता.