मेटलसाठी गिब्सन लेस पॉल कस्टम गिटार घ्यावी की जॅक्सन यूएसए सोलोइस्ट (फ्लॉइड रोझवाली, म्हणजे दांडीने हलणाऱ्या ब्रिजची)?

आधी ट्युनिंग ठरवा. ड्रॉप सी (सर्वांत जाड तार सी स्वरापर्यंत उतरवलेली) किंवा त्याहून खाली वाजवणार असाल तर सोलोइस्टच घ्या. तिची स्केल (तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) २५.५ इंच, लेस पॉलची २४.७५. खालची तार लांब स्केलवर ताठ राहते, पाम म्यूट (तळहात तारेला टेकवून काढलेला दबका आवाज) स्पष्ट येतो. सोलोइस्टवर १०-५२ चा सेट (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) ड्रॉप सीला पुरतो. लेस पॉलवर ११-५६ तरी लागेल, आणि जाड तार अडकू नये म्हणून नटच्या (मानेच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाचा रुंद कराव्या लागतील. शिवाय २४ फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) आणि नेक-थ्रू बांधणीमुळे (मान थेट शरीरातून आरपार जाते) वरच्या फ्रेटवर हात मोकळा पोहोचतो. लेस पॉलच्या जाड हीलवर (मान आणि शरीराच्या जोडावर) तो अडतो.

पण फ्लॉइड रोझचा त्रास खरा आहे. एक तार खाली उतरवली की स्प्रिंग ब्रिजला मागे ओढतात आणि बाकीच्या तारा वर चढतात. सतत ट्युनिंग बदलत असाल तर मागच्या पोकळीत, स्प्रिंगांच्या बाजूला, ब्रिजखालच्या धातूच्या ब्लॉकला टेकेल असा लाकडी तुकडा बसवा. मग बार (ब्रिज हलवायची दांडी) फक्त खाली दाबता येतो.

ई स्टँडर्डमध्ये (गिटारच्या नेहमीच्या ट्युनिंगमध्ये) जाड, भारदस्त रिफ (पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) एवढंच हवं असेल तर लेस पॉल उत्तम. फक्त तिचा हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) जपा: पडली की मान तिथेच मोडते.