मुंबईत डिप्रेशन आणि ट्रॉमासाठी सायकेडेलिक थेरपी मिळते का?

तुम्ही विचारलंय, दोन वर्षं गोळ्या घेऊनही अपघातानंतरचं नैराश्य हटत नाही, ओळखीतला एकजण गोव्यात मशरूमचं सेशन देतो म्हणतोय, जावं का? कृपा करून जाऊ नका. सिलोसायबिन (त्या मशरूममधलं नशेचं द्रव्य), एलएसडी, एमडीएमए १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात, पण पोलिसांपेक्षा मला काळजी तुमच्या चालू गोळ्यांची वाटते. लिथियमवर (मूड स्थिर ठेवणारं औषध) असताना सिलोसायबिन घेतलं तर फिट येऊ शकते. आणि सेशनसाठी कुणाच्या सांगण्यावरून एसएसआरआय, म्हणजे नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या, एकदम तोडल्या, तर चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आजार उलटतो.

मुंबईत कायदेशीर आहे ते केटामाइन, म्हणजे भुलीचं जुनं औषध. नैराश्यासाठी ते ऑफ-लेबल देतात, म्हणजे त्या आजारासाठी अधिकृत मंजुरी नसताना डॉक्टरांच्या निर्णयाने: किलोमागे ०.५ मिलिग्रॅम, शिरेतून, ४० मिनिटांत. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. आठवड्यातून दोनदा, साधारण सहा वेळा. आधी सहा तास जेवायचं नाही. दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात. थोड्या वेळात आपला हात आपला वाटेनासा होतो, नर्सचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. घाबरू नका, ड्रिप थांबली की ते उतरतं. बीपी चढतं, मळमळतं, म्हणून नंतर तास-दोन तास तिथेच थांबवतात. घरचं माणूस सोबत न्या आणि टॅक्सीने परता. त्या अवस्थेत दादरचा जिना आणि गर्दीची लोकल नको. दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी चालवायची नाही.

बिनसतं ते पुढे. एका दिवसात हलकं वाटतं, पण तो परिणाम एक-दोन आठवड्यांत ओसरतो, आणि तोवर लोकांनी गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही सोडलेलं असतं. मग ड्रिपवर ड्रिप. वारंवारच्या केटामाइनने मूत्राशय खराब होऊ शकतं. सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल, तर हा उपचार तुमच्यासाठी नाही.

ट्रॉमासाठी केटामाइनचा पुरावा नैराश्याइतका भक्कम नाही, तिथे आधी ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी थेरपी) किंवा ट्रॉमासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) करा. जुनी सगळी प्रिस्क्रिप्शन्स घेऊन केईएम, नायर किंवा सायनच्या मानसोपचार ओपीडीत जा. दोन वेगवेगळ्या गोळ्या पुऱ्या डोसमध्ये सहा-आठ आठवडे झाल्यात का, हे तिथे तपासून घ्या. अर्ध्या डोसवर वर्ष काढलेली माणसं बरीच असतात. जीव नकोसा वाटला तर ओपीडीची वाट पाहू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा.

केटामाइनचं क्लिनिक निवडताना एवढं नक्की विचारा: ड्रिप चालू असताना भूलतज्ज्ञ हजर असतो का? उत्तर 'गरज पडली तर बोलावतो' असं आलं, तर तिथे ड्रिप लावून घेऊ नका.