अंगावर पाजतेय, तरी दिवस राहतील?

प्रश्न : माझी भावजय १९ वर्षांची आहे, बाळ चार महिन्यांचं. पुढच्या महिन्यात दोघं ऊसतोडीला निघतील. आई म्हणते, अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत. भावजयीला वाटतं, तांबी पोटात वर चढते आणि इंजेक्शनने पाळी अडून घाण साचते. तिला काय सांगू? – एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : आईंचं म्हणणं खरं आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नको आणि बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काहीच जायला नको, पाण्याचा चमचासुद्धा. दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून जास्त खंड नको. आता फड डोळ्यांपुढे आणा. ही पहाटेपासून उसात, बाळ कोपीवर, म्हणजे झोपडीत. ते रडलं की कुणीतरी वरचं दूध पाजणारच. तिथेच भरवसा संपला. पाळी येण्याआधी स्त्रीबीज सुटतं, म्हणून पाळी न येताही दिवस राहतात.

तांबी वर चढत नाही, ती गर्भपिशवीतच असते. बसवताना पिशवीला इजा होणं फार क्वचित; निसटून पडणं त्याहून जास्त, म्हणून पहिल्या पाळीनंतर तांबीचा दोरा तपासून घ्यावा. खरा त्रास वेगळाच. पहिले काही महिने रक्तस्राव वाढतो, आणि आडोसा नसलेल्या फडात तो किरकोळ नाही.

‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, सरकारी दवाखान्यात मोफत. पाळी मागेपुढे होते, पुढे थांबतेही. घाण साचत नाही; पिशवीचं अस्तरच पातळ राहतं, बाहेर पडायला काही उरत नाही. हे आधी न सांगितल्यामुळेच कितीतरी मुली दुसऱ्या डोसला येत नाहीत. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. पुढची तारीख फडावर येईल, तेव्हा कार्ड सोबत हवं. चार आठवड्यांपर्यंतचा उशीर चालतो. बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही सांगा.

प्रवासाला ‘छाया’ गोळी सोयीची, दूधही आटत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, समजा रविवार-बुधवार. नंतर फक्त रविवारी. एक-दोन दिवस विसरली तर आठवताच घ्यावी आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोध वापरावा. सात दिवसांहून जास्त गेले तर पुन्हा पहिल्यापासून. कावीळ झाली असेल तर ही गोळी नको.

काहीही सुरू करण्याआधी दिवस राहिलेले नाहीत ना, हे पाहायला आशाताईंकडून लघवीची तपासणी करून घ्या. त्या वेळी आई आणि तुमचा भाऊ जवळ नसलेले बरे. कशाला होकार द्यायचा ते भावजयीला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.