पॉवरचे बटण बदलण्यासाठी फोन उघडण्यापूर्वी आणि उघडताना

तुम्ही तीन लक्षणे सांगितली आहेत. पॉवरचे बटण जोर लावून दाबावे लागते, एकदाच दाबले तरी कधीकधी कॅमेरा उघडतो, आणि फोन खिशात असताना आपोआप रीस्टार्ट होतो. फोन चार वर्षांचा अँड्रॉइड आहे, वॉरंटी संपली आहे, मागचे पॅनेल चिकटवलेले आहे. दुकानदाराने बोर्ड (फोनचे मुख्य सर्किट) बदलावा लागेल असे सांगितल्यामुळे, स्वतःच उघडून बटण बदलता येईल का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते ही तिन्ही लक्षणे बोर्डापेक्षा स्विचकडे बोट दाखवतात, आणि हे काम घरी होऊ शकते. मात्र बटण बदलणे हा या कामातला सर्वांत लहान भाग आहे. फोन बिघडतो तो बटणापर्यंत पोहोचताना किंवा परत बंद करताना, म्हणून माझे बहुतेक लिहिणे त्याविषयीच आहे.

बाहेरून आपण दाबतो ती केवळ प्लॅस्टिकची किंवा धातूची कळ असते. तिच्या मागचा बारीक उंचवटा आतल्या स्विचवर टेकतो. स्विचमध्ये स्टीलच्या पातळ पत्र्याची, उलट्या वाटीसारखी घुमटी असते. दाब पडला की ती ‘टक्’ आवाज करून खाली बसते, दोन संपर्कबिंदू जोडले जातात आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या चिपकडे जाणारी एक वाहिनी ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, टेकते. ही जोडणी किती वेळ टिकली एवढेच ती चिप पाहते. क्षणभर टिकली तर स्क्रीन लागते किंवा विझते, थोडी अधिक टिकली तर मेनू येतो, आणि अनेक फोनमध्ये दहा सेकंदांच्या आसपास टिकली तर सक्तीने रीस्टार्ट होतो. दिवसाला १०० वेळा बटण दाबले तर वर्षाला ३६,५०० दाब होतात. अशा छोट्या स्विचचे आयुष्य बऱ्याचदा लाखभर दाबांचे गृहीत धरलेले असते, हे पाहता चार वर्षांनी घुमटी थकली तर आश्चर्य नाही.

तुमची लक्षणे या रचनेतून सरळ उलगडतात. संपर्कबिंदूंवर गंज किंवा घामाचे क्षार बसले की जोर लावावा लागतो. घुमटीला तडा गेला की एका दाबात संपर्क दोनदा जुळतो, फोनला ते दोन दाब वाटतात आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये दोन दाब म्हणजे कॅमेरा. घुमटी खालीच अडकून राहिली की चिपला वाटते बटण दाबून धरले आहे, आणि फोन रीस्टार्ट होतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये आपत्कालीन कॉलची सोय बंधनकारक झाली, आणि स्मार्टफोनमध्ये पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबून तो कॉल लावण्याची तरतूद त्या नियमांत आहे. असे बटण ११२ ला नकळत कॉल लावू शकते, त्यामुळे दुरुस्ती फार काळ लांबवू नका.

उघडण्याआधी बाहेरून एवढे तपासा. कव्हर काढून दोन दिवस वापरा, कारण कव्हरचा बटणावर येणारा भाग घट्ट असला तर हेच सारे घडते. कळेच्या फटीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब सोडून बटण अनेकदा दाबा. नुसता मळ असेल तर तेवढ्यावर भागते. आवाजाची बटणेही बिघडली आहेत का तेही पाहा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर आणि आवाजाची बटणे एकाच फ्लेक्स पट्टीवर, म्हणजे वाकणाऱ्या पातळ सर्किटच्या पट्टीवर, असतात, जिला दुकानांत ‘स्ट्रिप’ किंवा ‘पत्ता’ म्हणतात. तिन्ही बटणे एकदम गेली असतील तर घुमटीऐवजी पट्टीचा कनेक्टर किंवा आत शिरलेले पाणी यांवर संशय घ्यावा.

यानंतर आजच करायचे काम म्हणजे बॅकअप. हल्लीच्या फोनमधला डेटा एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असतो, त्यामुळे फोन सुरूच झाला नाही तर मेमरीची चिप काढून छायाचित्रे वाचून घेऊ, हा मार्ग उरत नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी मेनू चालू करा. अँड्रॉइड ९ पासून त्यातून स्क्रीन लॉक करणे आणि पॉवरचा मेनू उघडणे ही कामे बटणाशिवाय होतात. सुटा भाग हाती येईपर्यंत फोन पूर्ण बंद करू नका आणि बॅटरी शून्यावर जाऊ देऊ नका, कारण बंद पडलेला फोन बटणाशिवाय पुन्हा सुरू होईलच असे नाही.

सुटा भाग मागवताना फोनच्या बाजारातल्या नावावर विसंबू नका. एकाच नावाखाली पुढे-मागे एखादे अक्षर जोडून वेगवेगळी यंत्रे विकली जातात आणि त्यांच्या पट्ट्या एकमेकींना लागत नाहीत. ‘अबाउट फोन’मध्ये दिसणारा मॉडेल क्रमांक द्या आणि पट्टीच्या छायाचित्रात कनेक्टरचे टोक, वळणे आणि छिद्रे जुळतात का पाहा. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात फिरलात, तर जुनी पट्टी दाखवून जुळवून घेता येते, पण त्यासाठी फोन आधी उघडावा लागतो. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी बटणासारखे सुटे भाग विक्री थांबल्यानंतरही किमान ७ वर्षे उपलब्ध ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले आहे. आपल्याकडेही तसा नियम व्हावा असे मला मनापासून वाटते, कारण एका पट्टीअभावी चांगला चालणारा फोन टाकून द्यावा लागणे हे ग्राहकाचे सरळ नुकसान आहे.

साधने फार लागत नाहीत. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकचा ओपनर, तीन-चार पिक (फटीत सरकवायच्या प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या), चिमटा, हेअर ड्रायर, अल्कोहोल आणि मल्टिमीटर एवढे पुरे. सुरी, ब्लेड किंवा धातूची पट्टी मात्र या कामात आणू नका.

फोन मेनूमधून बंद करा, त्याआधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणा. लिथियम-आयन बॅटरीला चुकून टोचले गेले तर भरलेली बॅटरी अधिक उग्रपणे पेटते. पहिली कृती सिम ट्रे बाहेर काढण्याची. ट्रे आत ठेवून बोर्ड उचलला की ट्रेही मोडतो आणि आतला सिमचा कनेक्टरही. नंतर मागच्या पॅनेलची कड ड्रायरने थोडी थोडी, थांबत थांबत तापवा. कड हाताला चांगली गरम लागावी, पण बोट ठेवता येऊ नये इतकी नव्हे, कारण खाली बॅटरी आहे. कड सैल झाली की ओपनर घालून त्या फटीत पिक सरकवा आणि पिक तिथेच ठेवून पुढची जागा तापवा. काढलेली जागा पुन्हा चिकटू नये यासाठी एकापेक्षा अधिक पिक लागतात. पिक काही मिलिमीटरच आत जाऊ द्या. पाठीवर फिंगरप्रिंट सेन्सर असेल तर त्याची पट्टी पॅनेलपासून बोर्डापर्यंत गेलेली असते. असे पॅनेल झटक्यात उचलले तर ती तुटते, म्हणून आधी बोटभर उघडून आत डोकावा आणि पट्टी ज्या बाजूला असेल ती बाजू शेवटी सोडवा. पॅनेल काचेचे असेल तर चष्मा घाला आणि तडा असल्यास वर आधी चिकटपट्टी लावा.

आतले प्लॅस्टिकचे आवरण स्क्रूंनी बसवलेले असते. प्रत्येक स्क्रू दिसायला सारखा असला तरी लांबी वेगळी असू शकते, आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर तो खालच्या बोर्डाच्या थरांत घुसून वाहिन्या तोडतो. कागदावर फोनची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. ही काळजी घेतली नाही, तर दुरुस्त झालेला फोन परत बंद करताना कायमचा मरू शकतो.

आवरण निघाल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, बाकी काहीही नंतर. बॅटरी जोडलेली असताना दुसरा कनेक्टर काढला आणि चिमटा चुकून दोन पिनांना लागला, तर शॉर्ट होऊन बॅकलाइटचा किंवा चार्जिंगचा भाग जळतो. दुकानदार सांगत होता तो बोर्डाचा खर्च तेव्हा खरोखर उभा राहतो. दाबून बसणारे कनेक्टर ओपनरने सरळ वर उचलावेत. ज्यांना बारीक काळे किंवा पांढरे झाकण असते, त्यांचे झाकण आधी वर करावे आणि मग पट्टी आडवी ओढावी. या दोन प्रकारांत गफलत झाली की कनेक्टर बोर्डावरून उखडतो.

आता मल्टिमीटर घ्या. कंटिन्युटीवर (दोन बिंदू जोडलेले असले की बझर वाजतो, त्या खुणेवर) ठेवून पट्टीच्या टोकाला पॉवरच्या स्विचच्या दोन बिंदूंवर काड्या टेकवा आणि बटण दाबा. दाबल्यावर बझर स्पष्ट वाजावा, सोडल्यावर तत्काळ थांबावा. न दाबताही वाजत असेल किंवा दाबल्यावर अडखळत वाजत असेल तर दोष पट्टीतच आहे. मापन दर वेळी नीट आले तर आधी कळेचा उंचवटा झिजला आहे का आणि तिच्यामागची धातूची पट्टी वाकली आहे का ते पाहा. पुष्कळदा फोन पडल्यावर फ्रेम किंचित दबते आणि स्विच निर्दोष असूनही सतत दाबला जातो. अशा वेळी नवी पट्टी बसवून काहीच साधत नाही.

जुनी पट्टी फ्रेमला चिकटवलेली असते. थोडी ऊब देऊन सावकाश सोडवा, ती कुठे कशी वळली आहे याचे छायाचित्र घ्या, आणि जुन्या डिंकाचा थर अल्कोहोलने पुसून काढा. नवी पट्टी बसवताना घुमटी कळेच्या उंचवट्याच्या अगदी मधोमध यायला हवी. अर्धा मिलिमीटर सरकली तरी बटण घट्ट लागते. पॅनेल न चिकटवता बॅटरी शेवटी जोडा, फोन सुरू करा आणि एकदा दाबणे, दोनदा दाबणे, दाबून धरणे, आवाज वर-खाली हे सारे तपासा. फोन तासभर टेबलावर ठेवून तो आपोआप रीस्टार्ट होत नाही याची खात्री झाली की मगच बी-७००० सारखा गोंद बारीक रेषेत लावून पॅनेल बसवा. कडेने रबरबँड लावून किमान २४ तास तसाच ठेवा. फोन पाणीरोधक म्हणून विकला गेला असेल तर ती हमी आता संपली असे समजा. विशेषतः कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पिशवीतच बाळगावा.

काही फोन घरी उघडू नयेत. बॅटरी फुगलेली दिसली, किंवा स्विच पट्टीऐवजी थेट बोर्डावर सोल्डर केलेला असला, तर ते काम सोल्डरिंगचा हात बसलेल्या माणसाकडे द्या. फिंगरप्रिंटचे बटण असलेल्या फोनमध्ये सुटा भाग आधी नीट चौकशी करूनच घ्या. आयफोनच्या टच आयडी असलेल्या होम बटणाची बोर्डाशी जोडी लावलेली असते, त्यामुळे दुसरे बटण बसवल्यास ठसा ओळखला जात नाही, आणि आयफोन ७ पासून बाहेरून आणलेले साधे बटण सहसा दाबण्यापुरतेही चालत नाही. अशा फोनचे मूळ बटण काढताना त्याची पट्टी जिवापाड जपावी लागते. तुमच्या फोनमध्ये ठशाचा सेन्सर पॉवरच्या बटणातच असेल तर सेन्सरची पट्टी आणि स्विचची पट्टी वेगळ्या आहेत का ते पाहा. वेगळ्या असतील तर फक्त स्विचची बदला आणि सेन्सरला हात लावू नका.

स्वतः उघडायचे नसेल तर दुसऱ्या दुकानात जाऊन ‘ऑन-ऑफ स्ट्रिप’ बदलण्याचा खर्च विचारा, आणि बोर्ड सदोष असल्याचे कोणी म्हटले तर पट्टी काढून ठेवल्यावरही फोन आपोआप रीस्टार्ट होतो का, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा. पट्टी काढल्यावर फोन चार्जर लावून सुरू झाला आणि शांत राहिला, तर बोर्ड ठीक आहे. तो तरीही स्वतःहून रीस्टार्ट होत राहिला, तर दोष बटणाच्या पलीकडे बॅटरीत किंवा बोर्डात आहे, आणि तेव्हा आधी बॅटरी तपासून घ्या.