आधी जागा कोणाची ते बघा, खुर्च्या नंतर

हॉटेलसमोर आठ टेबलं मांडायची आहेत, परवानगीची सुरुवात कुठून करू आणि तोवर टेबल-खुर्च्या घेऊन ठेवू का, असं विचारलंत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: घेऊ नका. आठ मागितली की पाच मंजूर होतात, आणि उरलेली तीन मग माळ्यावर जातात.

सुरुवात जागेच्या मालकीपासून करा. दारासमोरची फरशी सलग दिसते, पण भिंतीलगतचा पट्टा इमारतीचा आणि पुढचा सार्वजनिक, असं बऱ्याचदा निघतं. इमारतीच्या हद्दीत जागामालकाची लेखी संमती लागते. मात्र इमारतीच्या मंजूर नकाशात तिथे पार्किंग किंवा आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट दाखवली असेल, तर त्या संमतीचा काही उपयोग नाही. फूटपाथवर मिळतो तो मुदतीपुरता वापर. भाडं भरायचं, आणि उद्या पाइपलाइनचं काम निघालं की मुकाट्याने सगळं उचलायचं.

खरी कसोटी अर्जासोबतच्या, टेबलांच्या मांडणीच्या नकाशाची. माझा पहिला अर्ज इथेच आपटला. मी टेबलं काढली, खुर्च्या आत सरकवलेल्या दाखवल्या. पाहणीला आलेल्या बाईंनी एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या आणि पाठीमागून टेप लावला. कागदावरची वाट तिथल्या तिथे अर्धा मीटर आटली! तेव्हा माणसं बसलेली धरूनच नकाशा काढा. दोन व्हीलचेअर समोरासमोर जायला साधारण 1.8 मीटर लागतात, आणि झाड, विजेचा खांब, बसथांबा यांची जागा वगळून ही रुंदी सलग उरली पाहिजे. तुमच्याकडचा नियम कमी मागत असला तरी एवढी सोडा, तक्रारी कमी येतात. कडेला नुसती दोरी बांधू नका. अंध माणसाची काठी तिच्याखालून जाते आणि तो थेट टेबलावर येतो. खाली जमिनीलगत आडवी पट्टी किंवा जड कुंड्या हव्यात. छत्रीची कड डोक्याच्या वर राहील हे बघा, आणि तळाला वजन हवंच. वाऱ्यात उडालेली छत्री कोणाला लागली तर निस्तरणार तुम्हीच. त्रयस्थांच्या इजेचा विमा बरेच ठिकाणी अर्जासोबतच मागतात.

अग्निशमनवाले हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ, आणि बंबाची यायची वाट मोकळी आहे का ते बघतात. त्यांना आधीच भेटून या, तासाभराचं काम असतं.

दारूचा परवाना असेल तर तो आतल्या जागेपुरताच असतो असं धरून चाला. बाहेरच्या जागेसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते. बाहेरच्या खुर्च्या एकूण आसनसंख्येत धरल्या, तर स्वच्छतागृहांचा हिशेबही बदलतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

‘शेजाऱ्याला मिळालीये’ हा मुद्दा अर्जात घालू नका. त्याला ती जुन्या सवलतीत मिळालेली असू शकते: 2020 च्या साथीत अनेक शहरांनी घाईने सवलती दिल्या, पुढे नियम आवळले. न्यूयॉर्कने 2023 च्या कायद्याने गाड्यांच्या रस्त्यावरची मांडणी एप्रिल ते नोव्हेंबरपुरतीच ठेवली, हिवाळ्यात काढायला लावली. त्यामुळे पक्कं बांधकाम, खिळे ठोकलेला मांडव असलं काही दाखवू नका. रात्री आत घेता येईल असंच सामान दाखवा, आणि ते आत कुठे ठेवणार तेही नकाशात काढा. मला दुसऱ्या खेपेला हाच प्रश्न पहिला विचारला होता.

आणि वरच्या मजल्यावरच्यांना, तुमच्या अर्जाची नोटीस लागायच्या आधी, स्वतः जाऊन भेटा. रात्री किती वाजता आवरणार ते त्यांना सांगा, आणि तीच वेळ अर्जात लिहा.