‘करमत नाही’ म्हणजे काय, ते आधी ऐक

प्रिय,

पुढच्या आठवड्यापासून तू पंचवटीत आणि जुन्या नाशिकमध्ये ज्येष्ठांच्या घरी भेटीला जाणार आहेस. दारातच बहुधा ऐकशील, ‘आता वय झालं त्यांचं.’ हे मान्य करू नकोस. वयानं चाल मंदावते, नाव आठवायला वेळ लागतो, पण जगण्यातली गोडी वयानं जात नाही. ती गेली असेल तर मागे कारण असतं, आणि बऱ्याचदा त्यावर इलाज असतो.

आपल्याकडची म्हातारी माणसं ‘मला डिप्रेशन आलंय’ असं सांगत नाहीत. ती ‘करमत नाही’ म्हणतात. घास उतरत नाही, पोट साफ होत नाही, पायातलं बळ गेलं, असं सांगतात. म्हणून ‘उदास वाटतं का?’ एवढंच विचारून थांबू नकोस. पेपर अजून वाचता का? पूजा कोण करतं? गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, शेवटचं कधी गेलात? रोजचं काय सुटलं आणि कधी सुटलं, ते घरी आल्यावर वहीत लिही. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न असेल किंवा कशातच जीव लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जायला घरचे संकोचतात. अशा वेळी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल.

बदल किती वेगानं झाला, हा प्रश्न मात्र कधीही चुकवू नकोस. वर्ष-दोन वर्षांत विसर हळूहळू वाढत गेला असेल, तर स्मृतिभ्रंशाची शंका घ्यायची. काही आठवड्यांत माणूस मिटत गेला आणि ‘मला काही आठवतच नाही’ असं स्वतःच सांगू लागला, तर आधी खिन्नतेचा, म्हणजे डिप्रेशनचा, विचार करायचा. स्मृतिभ्रंशात माणूस बहुधा आपला विसर झाकायला बघतो. आणि परवापर्यंत धड असलेली आजी आज सैरभैर झाली, रात्री उठून भलतंच बोलू लागली, सकाळी बरी आणि संध्याकाळी पुन्हा तशीच, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडानं अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. लघवीचा संसर्ग, छातीतला कफ, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी सुरू झालेली गोळी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. रविवारपासून मागे वार म्हणायला सांग. एरवी सहज म्हणणारी व्यक्ती दोन-तीन वारांतच भरकटली, तर त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही. याचा एक शांत प्रकारही असतो. माणूस दिवसभर गुंगीत पडून राहतो आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, झोप लागली. तोच जास्त निसटतो.

मनाचं निदान करण्याआधी शरीर तपासलेलं असावं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, सोडियम आणि बी-12 यांच्या तपासण्या झाल्या आहेत का, ते विचार. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-12 कमी असण्याची शक्यता बरीच असते. घरातल्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्या आणि झोपेच्याही, एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवायला सांग. झोपेच्या गोळ्यांनी तोल जातो आणि विसर वाढतो. पण त्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू उतरवतात. खिन्नतेच्या गोळीचं उलट आहे. मळमळ पहिल्या आठवड्यात होते, गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून पाकीट बाजूला पडतं. तेवढे आठवडे आठवण करत राहणं हे तुझं काम. सुरुवातीच्या दिवसांत गोंधळल्यासारखं वाटू लागलं, तर सोडियम तपासायला सांग.

आता कान. ऐकू न येणारा माणूस पंगतीत बसूनही एकटा असतो, पुढे तो पंगतीत यायचंच टाळतो. टीव्ही बंद कर, समोर बस, उजेड तुझ्या तोंडावर पडू दे. ओरडू नकोस, कारण वयानं आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि ओरडल्यानं आवाज चढतो. खालच्या पट्टीत, सावकाश बोल. कानाचं मशीन कपाटात पडलेलं असेल, तर सेल संपलाय की मळ अडकलाय ते बघ. नव्या सेलची चिकटपट्टी काढल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मग तो बसवायचा, त्याला हवा लागते. पहिले काही दिवस शांत खोलीत तासभरच मशीन लावायचं, मग वेळ वाढवायची. एकदम दिवसभर लावलं की भांड्यांच्या आवाजानं डोकं उठतं आणि मशीन पुन्हा कपाटात जातं.

जोडीदार गेला असेल, तर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. खरी गरज चौदाव्या दिवसापासून. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तुझ्या भेटी वाढव. गेलेल्या माणसाचं नाव टाळू नकोस. आयुष्यात कधी चूल न पेटवलेल्या आजोबांना कुकरमध्ये वरणभात लावायला शिकव, ते धीराच्या शब्दांपेक्षा जास्त कामाला येतं.

‘मन रमवा’ हा सल्ला देऊ नकोस. एकच छोटं काम, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. थंडीत पहाटे फिरायला निघणं टाळा, ऊन आल्यावर निघा. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर उतरू नका, वरूनच चाला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाट बंदच, त्या दिवसांसाठी सार्वजनिक वाचनालयाची फेरी आधीच ठरवून ठेव. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना राज्यात एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाला अर्धं तिकीट. बहिणीच्या गावी जायला तेवढं निमित्त पुरतं.

‘देवानं आता उचलावं’ हे वाक्य हसण्यावारी नेऊ नकोस. सरळ विचार, ‘स्वतःच्या जिवाचं काही करावं असं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार रुजत नाही, उलट दडपलेलं बोलायला वाट मिळते. होकार आला, तर कसं, कधी तेही विचार आणि त्यांना एकटं सोडू नकोस. घरच्यांना तिथंच बोलाव, साठवलेल्या गोळ्या आणि द्राक्षबागेची फवारणीची औषधं कुलपात जाऊ देत. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. ‘कुणाला सांगू नकोस’ असं वचन मागितलं तरी देऊ नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि मोफत आहे. मारहाण, उपासमार किंवा पासबुक काढून घेणं असं काही दिसलं, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567.

आणि कबूल केलेला वार मोडू नकोस. तो माणूस सकाळपासून दाराकडे बघत असतो. परीक्षेसाठी महिनाभर जमणार नसेल, तर तीन आठवडे आधी सांग, परत येण्याची तारीख त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्याच हातानं लिहून घे, आणि मधल्या प्रत्येक शनिवारी फोन कर, पाच मिनिटं का होईना.

तुझ्या पहिल्या भेटीची वही वाचायला मिळाली, तर आवडेल.

सस्नेह