शनिवारी रात्री मुंबईत एकटीनेच कॉमेडी शो बघायचेत, डोंबिवलीहून कसं जमवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहता डोंबिवलीला, मैत्रिणींपैकी कुणी तयार नाही, एका रात्रीत दोन स्टँड-अप शो बघायचेत, आणि एकटीला पहिल्या रांगेत बसवून कॉमेडियन सोलून काढतील अशी धास्ती आहे.

जमतं. फक्त कॉमेडियन निवडण्याआधी परतीची गाडी निवडा. सगळी रात्र तिच्यापासून उलटी मांडायची. मध्य रेल्वेवर शेवटच्या गाड्या बारानंतर थोड्याच वेळात संपतात, म्हणून ‘शेवटची मिळेलच’ या भरवशावर बसू नका. एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या अ‍ॅपवर शेवटची बघा, तिच्या आधीच्या दोन सोडा आणि तिसरी आपली समजा. म्हणजे साधारण साडेअकराच्या आत मध्य रेल्वेच्या फलाटावर पाय हवा, आणि त्यासाठी दुसरा शो पावणेअकरापर्यंत सुटायला हवा. शो ७५ ते ९० मिनिटांचा असतो आणि दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू होतो, हे जवळपास ठरलेलंच. त्यामुळे दुसरा शो नऊचा आणि पहिला सातचा किंवा त्याआधीचा घ्या. दहा-साडेदहाचे शो बघायला मजा येते, पण तुमच्यासाठी ते बाद. अंधेरी-खारहून मध्यरात्री डोंबिवलीची टॅक्सी केली तर तिकिटापेक्षा भाडंच कितीतरी जास्त होईल. शनिवारी रात्रीचा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का हेही आदल्या दिवशी पेपरात बघून ठेवा. रविवारचा मेगाब्लॉक सगळ्यांच्या लक्षात असतो, शनिवार मध्यरात्रीचा मात्र नेमका विसरला जातो.

आता जागा. स्टँड-अपची छोटी थिएटरं मुख्यतः वांद्रे-खार आणि अंधेरी-वर्सोवा या पट्ट्यात आहेत. त्याशिवाय लोअर परळ. तिथल्या फिनिक्स मॉलमध्ये २०१० साली द कॉमेडी स्टोअर सुरू झालं, तेच पुढे कॅनव्हास लाफ क्लब झालं. छोट्या जागा बंद पडतात, नाव बदलतात, गल्लीही बदलतात. म्हणून ‘अमुक ठिकाणी जा’ म्हणणारी दोन वर्षांपूर्वीची यादी वापरू नका. बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्ट या तिकिटांच्या अ‍ॅपवर त्याच शनिवारची तारीख टाकून शोधा आणि भाषेचा फिल्टर लावा. बहुतेक शो हिंदी किंवा हिंग्लिश असतात. मराठी हवं असेल तर वेगळं शोधावं लागतं. भाडिपासारख्या (मराठी यूट्यूब चॅनेलवाल्या) मंडळींचे शो होतात, पण रोज नाही, आणि ते अनेकदा दादर, पार्ल्यासारख्या नाटकवाल्या भागात लागतात.

डोंबिवलीकरांनी वर्सोवा निवडावं असं माझं मत आहे. नकाशावर ते लांब दिसतं, पण मेट्रो १ वर्सोव्याहून थेट घाटकोपरला आणून सोडते. ११.४ किलोमीटर, वीस-बावीस मिनिटं, ४० रुपये. घाटकोपरला पूल ओलांडला की मध्य रेल्वे. खारहून यायचं तर स्लो पकडून दादर, दादरचा पूल, मग फलाट शोधणं. अशक्य नाही, पण रात्री अकराला दादरच्या पुलावर फलाट शोधत फिरण्यात काही मजा नाही. लोअर परळला असाल तर मात्र दादरला जाऊच नका. फिनिक्समधून डिलाईल रोडच्या पुलावरून चालत पंधरा मिनिटांत करी रोड स्टेशन येतं आणि तिथून मध्य रेल्वेची स्लो थेट मिळते. मेट्रो ३ परतीला उपयोगाची नाही, ती साडेदहाच्या सुमारास आटोपते.

वर्सोव्यात बऱ्याच छोट्या जागा आराम नगरात आहेत. ऑडिशनच्या ऑफिसांमध्ये दडलेले जुने बैठे बंगले, बाहेर पाटी असली तर असली. पत्त्यात पार्ट १ आहे की पार्ट २ हे आधी वाचा. लोक नेमके इथेच चुकतात आणि दहा मिनिटं भलत्याच गल्लीत फिरतात. मेट्रोपासून रिक्षाने दहा मिनिटं धरा. तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट बाहेर असतानाच काढून ठेवा, आत नेटवर्क दगा देतं.

दोन शो निवडताना पहिला ओपन माइक आणि दुसरा लाइन-अप, असा क्रम ठेवा. ओपन माइकमध्ये दहा-पंधरा जण चार-पाच मिनिटं नवा माल तपासून बघतात. तिकीट शंभर-दोनशेच्या आसपास, आणि निम्मे विनोद पडणार हे गृहीत धरायचं. लाइन-अपमध्ये चार-पाच मुरलेले कॉमेडियन प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं करतात, तिकीट तीनशे ते पाचशे. नावाजलेल्यांचा सोलो, म्हणजे एकट्याचा पूर्ण शो, याच्या बराच वर जातो. ‘ट्रायल शो’ लिहिलेलं दिसलं तर ते घासूनपुसून न झालेलं तासाभराचं काम असतं. स्वस्त असतं आणि मला वाटतं पूर्ण सोलोपेक्षा जास्त मजेशीर, कारण माणूस कागद बघत बघत वाक्यं बदलताना दिसतो. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी लाइन-अप आणि मग ओपन माइक, तर दुसऱ्या शोमध्ये नुसती चुळबुळ होते. घासलेला विनोद ऐकून झाल्यावर कच्चा गळी उतरत नाही.

ओपन माइकमध्ये एक गोष्ट बघा. साधारण साडेतीन-चार मिनिटं झाली की मागच्या भिंतीपाशी कुणीतरी मोबाइलचा टॉर्च हलवतं. याला ‘लाइट देणं’ म्हणतात, म्हणजे एक मिनिट उरलं. कॉमेडियनची नजर क्षणभर तुमच्या डोक्यावरून मागे जाते, मान किंचित हलते, आणि तो हातातला किस्सा अर्धवट सोडून हमखास चालणाऱ्या विनोदावर उडी मारतो. स्टुलावर पाण्याच्या बाटलीशेजारी पालथा ठेवलेला मोबाइल त्याचाच असतो. कुठे हसले, कुठे नाही, हे घरी ऐकायला तो स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत असतो. तुम्ही मात्र रेकॉर्डिंग अजिबात करू नका. अजून प्रसिद्ध न झालेला विनोद बाहेर फुटला की तो त्याच्या कामाचा उरत नाही. छोट्या काळोख्या खोलीत मोबाइलचा स्क्रीन उजळला तरी स्टेजवरून चेहरा स्पष्ट दिसतो, आणि मग तुमची पाळी.

आता सोलण्याची भीती. या जागा साठ-सत्तर ते शंभर खुर्च्यांच्या, आणि बहुतेक ठिकाणी ‘जो आधी तो पुढे’. पुढची रांग रिकामी राहिली की हसू पसरत नाही, खोली थंड पडते. म्हणून दारावरची मुलं लोकांना पुढे सरकवतात, आणि कोपऱ्यातली एक खुर्ची भरायला एकटं माणूस त्यांना आयतं सापडतं. वीस मिनिटं आधी पोचा आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेत कडेची खुर्ची स्वतःहून धरा. पुढे या म्हणाले तर ‘इथेच ठीक आहे’ म्हणा, कुणी ओढत नाही. उशिरा आलात तर पहिल्या रांगेत बसावं लागेल, आणि चालू सेटमध्ये, म्हणजे एकाची पाळी चालू असताना, शिरणाऱ्याला कोणताही कॉमेडियन सोडत नाही.

तरीही प्रश्न आलाच तर तो बहुतेक वेळा ‘एकट्याच आलात?’ एवढाच असतो. ‘हो, मैत्रिणींना जमलं नाही’ असं खरं आणि एका वाक्यात सांगा. तो टोमणा मारतो, लोक हसतात, तो पुढे जातो. फसतात ते त्याच्यापेक्षा विनोदी व्हायला जाणारे, किंवा नोकरीबद्दल लांबण लावणारे. प्रत्येक जास्तीचा शब्द त्याला नवा धागा देतो. क्राउड वर्कची, म्हणजे प्रेक्षकांशी अशा गप्पा मारण्याची, क्लिप पुढे इन्स्टाग्रामवर जाऊ शकते. ऑफिसातल्यांनी बघू नये असं वाटत असेल तर जाहिरातीत ‘क्राउड वर्क’ लिहिलेला शो घेऊच नका. शो आवडला नाही तर चालू सेटमध्ये उठू नका, मधे होस्ट बोलत असताना निघा.

मोठ्या सभागृहातला सोलो ‘सोल्ड आउट’कडे सरकला असेल तर एकटीचा फायदाही होतो. जोड्यांनी घेतलेल्या तिकिटांमध्ये एकेक खुर्ची उरते, शेवटच्या दिवशी सीटच्या नकाशावर ती शोधा.

बारमधला शो असेल तर कव्हर चार्ज, म्हणजे प्रवेशाचे पैसे, खाण्यापिण्यात वळता होतो का, की शिवाय किमान ऑर्डर द्यावी लागते, हे फोन करून विचारा. बरेच शो १६ किंवा १८ वर्षांवरच्यांसाठी असतात, ओळखपत्र जवळ ठेवा. जेवण दोन शोंच्या मधे बसवायला जाऊ नका, तिथे अर्धा तासही उरत नाही. घरून निघताना खा, मधे वडापाव-चहा पुरे.

परतताना बाराच्या आत रिक्षा केलीत तर मीटरचंच भाडं, बारानंतर पहाटे पाचपर्यंत सव्वापट. मीटरचं किमान भाडं २६ रुपये, म्हणजे रात्रीचे साधारण तेहेतीस. घाटकोपरला गाडीत चढताना महिला डब्याच्या दारावरची पाटी वाचा. काही डबे ठरावीक वेळेपुरतेच महिलांसाठी असतात, तुम्हाला २४ तासवाला हवा. रात्री महिला डब्यात पोलीस असतो, तो कुठे उभा आहे ते बघून तिथेच बसा. डोंबिवलीला उतरल्यावर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे एवढ्या रात्री घरच्या कुणाला स्टेशनवर यायला सांगितलेलं बरं.